पुण्यातून खाणीत आणि खाणीतून परदेशात, मायनिंग इंजिनिअर व्हायचंय तर सुरुवात कुठून करायची

मागच्या सुट्टीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका ताईंनी जिन्यातच थांबवून विचारलं, मुलीला बारावीनंतर मायनिंग घ्यायचंय, पुढे परदेशात जायचंय म्हणते, पण पुण्यात विचारायचं कोणाला तेच कळत नाही. खरंय ते. हिंजवडीला जाणारे प्रत्येक मजल्यावर आहेत, खाणीत जाणारा एकही नसतो. मी सतरा वर्षं या लाईनमध्ये आहे, आधी चंद्रपूरकडे कोळसा, मग झांबियात तांबं, आता पश्चिम ऑस्ट्रेलियात सोनं. त्या ताईंना जे जिन्यात उभं राहून सांगता आलं नाही ते इथे नीट, क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या क्षेत्रात डिग्री तुम्हाला फक्त दारापर्यंत नेते. परदेशात तुमची किंमत ठरते ती तुम्ही फेसवर म्हणजे जिथे खणणं चालू असतं तिथे, बेंचवर म्हणजे उघड्या खाणीच्या पायरीवर, प्रत्यक्ष कामावर किती काळ होतात आणि त्या काळात तुमच्या स्वतःच्या नावावर काय काय जबाबदारी होती, आणि ते तुम्हाला कागदावर दाखवता येतं का, यावर.

पायरी १, फॉर्म भरायच्या आधी डोळे तपासा

गंमत नाही, अगदी खरं सांगतोय. आयआयटीच्या मायनिंगच्या ॲडमिशनसाठी कलर ब्लाइंडनेस चालत नाही, एकाच डोळ्याने दिसत असेल तरी चालत नाही, आणि खूप मुलांना हे रँक हातात आल्यावर कळतं. आपल्याला रंग नीट दिसत नाहीत हे पुष्कळांना माहीतच नसतं. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे इशिहाराची टेस्ट पाच मिनिटांत होते, ती करून घ्या. पुढे नोकरीच्या मेडिकलमध्येही कान, फुप्फुसं, छातीचा एक्स-रे सगळं बघतात, दर काही वर्षांनी पुन्हा बघतात, त्यामुळे जुना दमा वगैरे असेल तर डॉक्टरांशी आत्ताच मोकळेपणाने बोला.

आणि खाण म्हणजे नक्की काय ते एकदा लांबून का होईना बघा. मोशी, वाघोलीकडच्या दगडखाणी बघितल्या असतीलच, तिथे मालकाची परवानगी काढून तासभर उभे राहा, ड्रिलिंगचा आवाज, धूळ, डंपरची ये-जा बघा. कोळशाची किंवा सोन्याची खाण याच्या कितीतरी पट मोठी असते पण धूळ आणि ऊन तेच असतं. ते बघून पाय मागे घ्यावासा वाटला तर तो आत्ता घेतलेला बरा.

पायरी २, शिकायचं कुठे

पुण्यात कॉलेजं पुष्कळ, पण मायनिंगसाठी शहर सोडावंच लागेल असं धरून चला. महाराष्ट्रात राहायचं तर नागपूरचं व्हीएनआयटी. बाहेर जायचं तर धनबाद, जे १९२६ सालापासून आहे आणि २०१६ मध्ये आयआयटी झालं, तसंच खरगपूर, बीएचयू, राउरकेला, सुरतकल, रायपूर. माझं वैयक्तिक मत, कॉलेज निवडताना जवळ खाणी आहेत का ते बघा, कारण नागपूरला शिकणारा मुलगा उमरेड, वणी, बल्लारपूरच्या कोळसा खाणी आणि मॉइलच्या मँगनीजच्या खाणी शिकता शिकता बघून येतो, आणि तो फरक तिसऱ्या वर्षी दिसायला लागतो.

मायनिंगची डिग्री नाही पण या क्षेत्रात यायचंय असेही बरेच जण विचारतात. फर्ग्युसनमधून जिऑलॉजी केलेल्यांना एक्स्प्लोरेशन आणि रिसोर्स मॉडेलिंगची, म्हणजे साठे शोधायची आणि मोजायची, वाट आहे. मेकॅनिकलवाल्यांनी मशिनरीच्या कंपन्या बघाव्यात, दापोडीला सँडविकचा प्लांट कित्येक वर्षं आहे. सिव्हिलवाल्यांना बोगद्यांचं काम हा फार चांगला रस्ता आहे, शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रोच्या भुयारात किंवा लोणावळ्याजवळच्या मिसिंग लिंकच्या बोगद्यांत ज्यांनी रॉक बोल्टिंग, शॉटक्रीट, म्हणजे दगडात बोल्ट मारून आणि काँक्रीट फवारून बोगदा सावरायचं काम केलंय त्यांना अंडरग्राउंड खाणीत जिओटेक्निकलला, म्हणजे दगड किती टिकेल ते बघायच्या कामाला, विचारतात.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. १९५२ च्या माइन्स ॲक्टमध्ये महिलांना जमिनीखाली काम करायला बंदी होती, म्हणून पूर्वी कॉलेजंसुद्धा मुलींना मायनिंगला घेत नसत. जानेवारी २०१९ च्या नोटिफिकेशनने तांत्रिक, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या कामासाठी महिलांना अंडरग्राउंडची परवानगी मिळाली, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, आणि ओपनकास्टला म्हणजे वरून उघड्या खाणीत त्यांची लेखी संमती असेल तर रात्रपाळीलाही. म्हणजे दार उघडलंय, आणि परदेशात तर माझ्या आत्ताच्या साइटवर ड्रिल अँड ब्लास्टची, म्हणजे होल पाडून सुरुंग लावायच्या कामाची, माझी सिनियर बाईच आहे. आईवडिलांनी या मुद्द्यावर मुलीला अडवू नये असं मला मनापासून वाटतं.

पायरी ३, पहिली तीन-चार वर्षं भारतात आणि ती फेसवर

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. बीटेक झालं की लगेच ऑस्ट्रेलियात मास्टर्स, लाखोंचं कर्ज, आणि मग तिथे ग्रॅज्युएटच्या जागेसाठी तिथल्याच मुलांशी स्पर्धा, ज्यांनी कॉलेजच्या प्रत्येक सुट्टीत खाणीत काम केलेलं असतं. काहींचं जमतं, पण मला हा रस्ता महागाचा वाटतो. त्यापेक्षा गेट या परीक्षेचा मायनिंगचा पेपर द्या, कोल इंडियाने मॅनेजमेंट ट्रेनी गेटच्या मार्कांवर घेतलेले आहेत, किंवा हिंदुस्तान झिंक, मॉइल, हट्टी गोल्ड माइन्स, कुठल्याही खाणीत लागा पण ऑफिसात नको, शिफ्टला लागा.

का ते सांगतो. आपल्याकडे खाणीत जबाबदारीचं पद घ्यायचं तर धनबादच्या डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सर्टिफिकेट लागतं, सेकंड क्लास आणि मग फर्स्ट क्लास मॅनेजर. कोळशाचं वेगळं, मेटलचं वेगळं, फक्त ओपनकास्टपुरतं चालणारं रिस्ट्रिक्टेड आणि सगळीकडे चालणारं अनरिस्ट्रिक्टेड. परीक्षेला बसायला ठराविक काळाचा प्रॅक्टिकल अनुभव लागतो, फर्स्ट एडचं लागतं, गॅस टेस्टिंगचं लागतं. जमत असेल तर अनरिस्ट्रिक्टेडच करा, त्यासाठी अंडरग्राउंडमध्ये दिवस काढावे लागतात आणि तेच दिवस पुढे उपयोगी पडतात. हे सर्टिफिकेट परदेशात जसंच्या तसं चालत नाही, प्रत्येक ठिकाणी वैधानिक पदासाठी तिथल्या कायद्याची परीक्षा द्यावीच लागते, पण मुलाखत घेणाऱ्याला फर्स्ट क्लास म्हटल्यावर लगेच कळतं की या माणसाने माणसं सांभाळलीत.

शिवाय ओव्हरमन आणि मायनिंग सरदार, म्हणजे पाळीवर माणसं आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या लोकांकडून शिकायला मिळतं. छपराला काठीने ठोकून आवाजावरून सांगणारे लोक आहेत आपल्याकडे, हा दगड सुटलाय म्हणून. ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत १९७५ च्या डिसेंबरमध्ये पाणी आत घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली, जुन्या खाणीत साठलेलं पाणी आणि मधली भिंत. त्या घटनेबद्दल माझ्या पहिल्या मॅनेजर साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात समोर बसवून सांगितलं होतं, प्लॅनवर जुन्या कामाची हद्द कशी बघायची ते शिकवलं, आणि आजही नवीन साइटवर गेलो की मी सगळ्यात आधी जुने प्लॅन मागतो.

पायरी ४, वही ठेवा

ही पायरी मी स्वतः चुकवली होती, म्हणून इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

चार वर्षं मी प्रामाणिकपणे काम केलं, आणि ऑस्ट्रेलियासाठी कागद करायला बसलो तेव्हा माझ्याकडे काय होतं तर जुन्या कंपनीचं एका ओळीचं अनुभवपत्र, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, काम समाधानकारक. कुठल्या सेक्शनला होतो, किती माणसं होती, कुठलं डिझाइन मी केलं, काहीच नाही. एचआरला मेल केले, फोन केले, फाईल सापडत नाही एवढंच उत्तर. आठ महिने गेले. शेवटी आमचे रिटायर झालेले मॅनेजर साहेब नागपूरला राहतात त्यांच्या घरी गेलो, त्यांनी कपाटातून स्वतःच्या डायऱ्या काढल्या, वर्षावार लावलेल्या, आणि त्यातून माझ्या एकेका शिफ्टची नोंद काढून मला सविस्तर पत्र लिहून दिलं. त्यांनी डायरी ठेवली नसती तर मी आज कुठे असतो सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती, नकाशे, ग्रेड वगैरे घरी आणायचे नाहीत, तो गुन्हा होऊ शकतो. तुमचं स्वतःचं काम लिहायचं. उदाहरण देतो, १२ जुलै, दुसरी पाळी, ओव्हरबर्डनचा म्हणजे कोळशावरच्या दगडमातीचा बेंच, १६० मिलीमीटरचे ४२ होल, खोली ८ मीटर, बर्डन म्हणजे रांगांमधलं अंतर ४, स्पेसिंग म्हणजे रांगेतल्या होलमधलं अंतर ५, म्हणजे साधारण ६,७०० घनमीटर. पावसामुळे १५ होलमध्ये पाणी, ॲन्फो हे स्फोटक पाण्यात टिकत नाही म्हणून त्या होलना पाण्यात टिकणारं इमल्शन घेतलं, स्टेमिंग म्हणजे होलचं तोंड बुजवणं ४ मीटर, डेंजर झोन मी स्वतः तपासला, मिसफायर म्हणजे न फुटलेला होल नाही, मागच्या रांगेत मोठे बोल्डर आले, पुढच्या ब्लास्टला डिले म्हणजे होल एकामागून एक फुटण्यातला वेळ बदलायचा ठरवला. एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात. महिन्याच्या शेवटी त्यातून एक पान करा, आणि सहा महिन्यांनी तुमच्या साहेबांची त्यावर सही घ्या, ते बदलीवर जायच्या आधी.

अजून एक सवय. आपण मराठी माणसं कामाबद्दल बोलताना आम्ही केलं, आमच्या टीमने केलं असं म्हणतो, ते संस्कारच आहेत आपले आणि चांगले आहेत, पण या वहीत 'मी' असंच लिहायचं. मी मोजलं, मी ठरवलं, मी थांबवलं. पुढच्या कागदांमध्ये हाच शब्द शोधतात.

पायरी ५, देश कुठला

सगळे ऑस्ट्रेलिया-कॅनडा म्हणतात. पण मी कोणालाही आधी आफ्रिकेचा विचार करायला सांगतो, कारण तिथे तीन-चार वर्षांच्या अनुभवावर तुम्हाला खरी जबाबदारी मिळते. झांबियाच्या कॉपरबेल्टमध्ये, किटवे, चिंगोला, आणि तिकडे सोलवेझी, सगळा कारभार इंग्रजीत, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे म्हणजे संध्याकाळी घरी फोन करता येतो, आणि तूरडाळ मिळते. तिथल्या इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूशनकडे नोंदणी करावी लागते, वर्क परमिट कंपनी काढते. तिथल्या हार्ड रॉक अंडरग्राउंडच्या अनुभवावरच मला पुढे ऑस्ट्रेलियात विचारलं. शेजारच्या काँगोत कोल्वेझीला तांबं आणि कोबाल्ट प्रचंड आहे पण फ्रेंच यायला हवं आणि सुरक्षेचा विचार करायला हवा. पश्चिमेला घानात सोनं, टार्क्वा, ओबुआसी. घाना आणि काँगोसाठी यलो फीव्हरची लस सरकारमान्य सेंटरवरच घ्यायची, निघायच्या किमान १० दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवायचं, कारण परत येताना ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. मलेरिया हलक्यात घेऊ नका, मला दोनदा झालाय.

ऑस्ट्रेलिया म्हणजे पश्चिमेला पिलबराचं लोखंड, कॅलगुर्लीचं सोनं, क्वीन्सलँडच्या बोवेन बेसिनचा कोळसा. फिफो नावाची पद्धत आहे, म्हणजे पर्थला राहायचं, विमानाने साइटवर जायचं, ८ दिवस काम ६ दिवस सुट्टी किंवा १४ दिवस काम ७ दिवस सुट्टी, १२ तासांची शिफ्ट, कामाआधी दारूची टेस्ट कधीही होऊ शकते आणि मर्यादा शून्य. पैसा चांगला, पण मुलाचा वाढदिवस, गणपती, सगळं रोस्टर ठरवतं. लग्न झालेल्यांनी हे दोघांनी बसून ठरवावं.

कॅनडात सडबरीचं निकेल, सस्कॅचवानचं पोटॅश, यलोनाइफच्या वरच्या बाजूचे हिरे. पी.इंज. हे इंजिनिअरचं लायसन्स प्रांताप्रांताचं वेगळं, त्याला वर्षं लागतात, थंडीबद्दल मी वेगळं काही सांगत नाही.

चिली आणि पेरू हे तांब्याचे खरे देश, पण स्पॅनिश शिवाय फेसवर उभं राहता येत नाही. पुण्यात असताना रानडे इन्स्टिट्यूटला पार्टटाइम कोर्स करून ठेवा, परदेशी भाषा घरापासून एवढ्या जवळ शिकायची सोय दुसऱ्या शहरात कुठे मिळणार. आणि उंचीचा विचार करा, कळसूबाई १,६४६ मीटर आहे, चिलीतल्या काही खाणी ४,००० मीटरच्या वर आहेत, तिथे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते.

पायरी ६, कागद

ऑस्ट्रेलियासाठी तुमची डिग्री इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया तपासते. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानायच्या कराराचा, सदस्य आहे, पण फायदा फक्त एनबीएची, म्हणजे आपल्याकडे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची, टियर-१ मान्यता असलेल्या कोर्सला, आणि तुमचं पास व्हायचं वर्ष त्या मान्यतेच्या काळात बसलं तरच, त्यामुळे कॉलेजचं नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका, एनबीएच्या यादीत स्वतः शोधा. यादीत नसेल तर सीडीआर, म्हणजे आपली पात्रता दाखवणारा रिपोर्ट लिहायचा, त्यात तीन करिअर एपिसोड, म्हणजे तुम्ही केलेल्या तीन कामांची सविस्तर हकिगत, 'मी' हा शब्द वापरून. वही असेल तर हे दोन आठवड्यांत होतं. तयार सीडीआर विकणारे लोक पुण्यात आहेत, माझ्या एका मित्राने घेतला, तो आणखी कोणाला तरी विकलेला निघाला, कॉपी पकडली गेली आणि त्याला बराच काळ पुन्हा अर्जच करता आला नाही. स्वतःच लिहा, इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

डिग्रीचं अटेस्टेशन आणि अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लवकर सुरू करा, आधी राज्य सरकारचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा. देश अपोस्टिल मानतो का ते बघा, सौदीने २०२२ मध्ये मानायला सुरुवात केली, कॅनडाने २०२४ मध्ये, यूएईला अजून वकिलातीचाच शिक्का लागतो. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या साइटवरून, आपल्याला मुंढव्याचं केंद्र. आणि संगम ब्रिजच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, पण त्याआधी गियरची गाडी नीट चालवायला शिका, फक्त ॲक्टिव्हावर कॉलेज काढलेली मुलं साइटवर फोर व्हील ड्राइव्ह पिकअप बघून अडतात, आणि लायसन्सशिवाय पिटमध्ये म्हणजे उघड्या खाणीत जायलाच देत नाहीत.

पायरी ७, सीव्ही आणि मुलाखत

सीव्ही दोन पानी, फोटो नको, वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय का काही नको. खाण ओपनकास्ट की अंडरग्राउंड, पद्धत कुठली, वर्षाला उत्पादन किती, तुमच्या हाताखाली किती माणसं, हे पहिल्या अर्ध्या पानात. सॉफ्टवेअरमध्ये सरपॅक, डेसविक, व्हल्कन, डेटामाइन यातलं एक तरी खरंच येत असेल तरच लिहा, कारण समोर बसवून पिट डिझाइन करायला देतात.

मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ हमखास येतो, तुम्ही कधी काम थांबवलंय का. आपल्याकडे उत्पादन थांबवणं म्हणजे गुन्हा केल्यासारखं वाटतं म्हणून मुलं गप्प बसतात. मी एकदा छपरात नवीन चीर दिसल्यावर पाळी बाहेर काढली होती, तेच सांगितलं, साहेब तेव्हा किती चिडले तेही सांगितलं, आणि मला वाटतं ती नोकरी मला त्याच उत्तरावर मिळाली.

ज्यांना खाण चालवण्यापेक्षा साठे मोजण्यात रस आहे त्यांनी कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे साठ्याच्या रिपोर्टवर सही करू शकणारा माणूस, हा शब्द लक्षात ठेवा. १९९७ मध्ये ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीचं इंडोनेशियातलं सोनं खोटं निघालं, नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, गुंतवणूकदार बुडाले. त्यानंतर कॅनडाने साठे जाहीर करायचे एनआय ४३-१०१ हे कडक नियम आणले, ऑस्ट्रेलियात त्यासाठी जॉर्क आहे. जॉर्कच्या रिपोर्टवर सही करायला त्याच प्रकारच्या साठ्यातला किमान ५ वर्षांचा अनुभव आणि मान्य संस्थेचं सदस्यत्व लागतं, म्हणून ऑस-आयएमएम या ऑस्ट्रेलियातल्या खाणवाल्यांच्या संस्थेसारख्या संस्थेचं सदस्यत्व लवकर घ्या. टेलिंग्ज डॅमचं, म्हणजे खनिज काढून उरलेला गाळ अडवणाऱ्या धरणांचं कामही आता खूप वाढलंय, ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यूला २५ जानेवारी २०१९ ला गाळाचं धरण फुटून २७० माणसं गेली, त्यानंतर जगभर नियम बदलले आणि ते समजणारी माणसं सगळ्यांना हवी आहेत.

नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. चांगली खाण कंपनी तिकीट, व्हिसा, मेडिकल स्वतः करते. एजंट असेल तर ईमायग्रेट या सरकारी साइटवर त्याची नोंदणी बघा, कायद्याने त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्या वर फी घेता येत नाही, आणि ऑफर लेटरवरचा मेल आयडी जीमेलचा असेल तर तिथेच थांबा.

पायरी ८, गेल्यावरचे पहिले तीन महिने

झोप सांभाळा, रात्रपाळीच्या आधीच्या दिवशी मोबाईल बंद. न कळलेली सूचना पुन्हा विचारा, ऑस्ट्रेलियन उच्चार रेडिओवर पहिले काही आठवडे खरंच समजत नाहीत आणि अर्धवट ऐकून हो म्हणणं खाणीत फार धोक्याचं आहे. मी सरळ सांगायचो, हळू बोला, पुन्हा सांगा, कोणी कधी हसलं नाही. पैशांचं, आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात का ते मोजा, त्यावर एनआरआय स्टेटस ठरतं, परदेशातली कमाई ठेवायला एनआरई खातं उघडा, आणि एकदा चांगल्या सीएकडे जाऊन या. वही तिथेही चालू ठेवा.

त्या ताईंच्या मुलीची इशिहाराची टेस्ट झाली, नॉर्मल आली. आता जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या ॲडमिशनच्या, चॉइस फिलिंगची यादी घेऊन रविवारी येणार आहे, आणि व्हीएनआयटी वर ठेवायचं की राउरकेला यावर तिच्या बाबांचं आणि तिचं अजून जमलेलं नाही.